होशंगाबाद, १९७२ ते २००२: एका विज्ञान कार्यक्रमाचा कारभार

आठवीची परीक्षा, विज्ञानाचा पेपर. बाकावर पाठ्यपुस्तक उघडे, शेजारी मुलाच्या स्वतःच्या वह्या उघड्या, आणि पर्यवेक्षक निवांत फेऱ्या मारतो आहे. ही कॉपी नव्हे, नियमच तसा आहे. लेखी संपली की प्रात्यक्षिक: समोर सामान मांडलेले, ‘करून बघ आणि काय दिसले ते लिही.’ एखाद्या हौशी, प्रयोगशील खाजगी शाळेतले हे दृश्य असते तर त्यात नवल नव्हते. पण शाळा मध्य प्रदेश सरकारच्या, मास्तर सरकारी, बदल्या सरकारी, आणि या परीक्षेत नापास झाले तर वर्षही खरोखरच जायचे. होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) हे असे तीस वर्षे चालले.

आपल्याकडे शाळेतल्या विज्ञानाची चर्चा निघाली की होशंगाबादचे नाव कुणीतरी घेतेच. मग बाभळीचा काटा निघतो, आगपेटीच्या काड्या निघतात, ‘टाकाऊतून टिकाऊ’ निघते आणि चहा येतो. काटा आणि काड्या खऱ्याच आहेत, पुढे त्या येतीलच. पण हे प्रकरण मला वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे वाटते. हा कार्यक्रम तीस वर्षे टिकला तो कल्पक खेळण्यांच्या जोरावर नव्हे. प्रवासभत्ता, किटची भरपाई, परीक्षेची परवानगी, मासिक बैठकीचा आदेश अशा अत्यंत कंटाळवाण्या गोष्टी सरकारकडून मंजूर करून घेतल्या गेल्या, म्हणून तो टिकला. आणि बंद पडला तोही अशाच एका कागदाने.

सोळा शाळा

सुरुवात १९७२ ची. दोन संस्था एकत्र आल्या. एक, होशंगाबाद शहराला लागून असलेल्या रसूलियातले फ्रेंड्स रूरल सेंटर, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे जुने केंद्र. दुसरी, बनखेडी भागात नुकतीच उभी राहिलेली किशोर भारती. किशोर भारती काढणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचे काम करत होते. ते सोडून ते या भागात आले. जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवून बघण्याची परवानगी त्यांनी सरकारकडे मागितली, आणि ती मिळाली. तिकडे ‘माध्यमिक’ म्हणजे सहावी ते आठवी, आपली उच्च प्राथमिक.

मुंबईचा धागा इथे फक्त एका माणसापुरता नाही. टीआयएफआरमधल्या काही शास्त्रज्ञांना त्या काळात शाळेच्या विज्ञानाचे वेड लागलेले होते. यश पाल त्यांतले एक. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये त्याच संस्थेच्या पोटी जन्मले आणि त्याचे सुरुवातीचे एक मोठे काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत झाले. होशंगाबादला मुंबईहून माणसे गेली, दिल्ली विद्यापीठातून गेली, पुढे इतर विद्यापीठांतून आणि आयआयटींमधूनही गेली. मे महिन्यात नर्मदेकाठच्या उन्हात, सतरंजीवर बसून, सहावीच्या मास्तरांबरोबर बिया मोजणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, हे चित्र आज जरा अवघड वाटते.

‘करून शिकणे’ ही कल्पना काही यांनी शोधलेली नव्हती, ती शंभर जणांनी मांडली होती. यांनी एक साधा नियम केला आणि तो पाळला: पुस्तकात उत्तर छापायचे नाही. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तके पुढे मध्य प्रदेशाच्या पाठ्यपुस्तक निगमनेच छापली. त्यांत प्रयोग कसा करायचा ते आहे, मग प्रश्न आहे, मग कोरी जागा किंवा ‘वहीत लिहा’. व्याख्या नाही, निष्कर्ष नाही, धड्याअखेर चौकटीतला सारांश नाही. मुलाने प्रयोग केला नाही तर त्याच्याकडे पाठ करायलाही काही नाही.

आपल्या बालभारतीच्या पुस्तकात ‘करून पहा’ ही चौकट असते. चांगलीच असते. पण तिच्याखाली दोनच ओळींवर काय दिसले आणि त्यातून काय कळले तेही छापलेले असते. मग करून कोण पाहणार? सिनेमाचा शेवट सांगूनच तिकीट विकण्यातला हा प्रकार आहे.

टेबलाची लांबी

या पद्धतीत वर्ग कसा चालत असे ते एका अगदी किरकोळ धड्यावरून बघू. मोजमाप. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाकडे पट्टी, आणि सगळ्यांनी मास्तरांचे एकच टेबल मोजायचे. फळ्यावर आकडे चढू लागतात. समजा कुणाचे ११८.४ सेंटिमीटर, कुणाचे ११८.६, कुणाचे ११९, एकाचे १२१. (आकडे माझे, असे काहीही येऊ शकते.) इथे आपल्यातल्या कुठल्याही मास्तरांचा हात आपोआप खडूकडे जातो: १२१ खोडायचे, ज्याचे आले त्याच्याकडे जरा रागाने बघायचे आणि ‘बरोबर उत्तर’ लिहून पुढच्या धड्याला लागायचे.

होशंगाबादच्या वर्गात धडा तिथून सुरू होई. सगळे आकडे फळ्यावर तसेच राहू द्यायचे. मग विचारायचे: एकच टेबल, मग आकडे निरनिराळे का? पट्टीचे टोक झिजलेले आहे. कुणी पट्टी उचलून पुढे ठेवताना बोटाची खूण हलवली. कुणी तिरके बघून वाचले. ही कारणे मुले स्वतःच काढतात, आणि ती एकमेकांवर ढकलायला त्यांना फार आवडते. मग लक्षात येते की बरेचसे आकडे एका जागी गोळा झाले आहेत आणि १२१ एकटाच लांब पडला आहे. तो पुन्हा मोजून बघण्यासारखा आहे, लाज वाटण्यासारखा नाही. मोजण्यात कमी-जास्त होणारच, प्रश्न किती होते एवढाच. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळ जणांना अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेतल्या जर्नलमध्ये, तीही कॉपी करताना भेटते. इथे ती सहावीत भेटत होती.

पुढच्या इयत्तांत हाच धागा संभाव्यतेपर्यंत जात असे. नाणे उडवायचे, नोंदायचे, सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र करायचे, आणि एकट्याच्या दहा नाण्यांत दिसणारा गोंधळ वर्गाच्या काहीशे नाण्यांत कसा निवळत जातो ते बघायचे. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात संभाव्यता घ्यायची हे धाडसच होते. मास्तरांनाही ते नवीन होते. म्हणून दर उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांचे शिबिर भरे आणि त्यात मास्तर स्वतः चार-चारच्या गटात बसून तेच प्रयोग करत. चुकत, भांडत, पुन्हा मोजत.

काटा, गोळी, काडी

फुलाची अंतर्रचना बघायची तर सुई लागते. सुया विकत घ्यायच्या, त्या हरवायच्या, गंजायच्या. खेड्यात बाभळीचा काटा फुकट मिळतो, तीक्ष्ण असतो आणि मोडला तर कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. किटमधल्या सुईची जागा काट्याने घेतली. काचेच्या महागड्या भांड्यांऐवजी दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आल्या.

फिनॉल्फ्थॅलिनची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. आम्ल-अल्कली ओळखायचा हा दर्शक. बाजारात तो रसायनांच्या दुकानात मिळणार, म्हणजे तालुक्याला मिळणार नाही. पण त्या काळी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जुलाबाच्या काही गोळ्यांत हेच रसायन असे. गोळी कुटायची, स्पिरिटमध्ये विरघळवायची, वरचा निवळ द्राव बाटलीत भरायचा, झाला दर्शक. चुन्याच्या निवळीत दोन थेंब टाकले की ती गुलाबी होते. मग त्यात नळीने फुंकर मारत राहायचे: गुलाबी रंग उडत जातो आणि पाणी गढूळ होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा अल्कलीपणा संपवला, हे सांगायची घाई मास्तरांनी करायची नाही. ‘कुणाच्या फुंकरीने लवकर रंग गेला?’ एवढे विचारले की उरलेली तासिका मुलेच चालवतात.

आणि काड्या. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोत काम करणारा एक तरुण इंजिनियर वर्षभराची रजा काढून इथे आला. आयआयटी कानपूरचा पदवीधर, नाव अरविंद गुप्ता. इथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कापले आणि दोन्ही टोकांतून आगपेटीच्या गुल काढलेल्या काड्या खुपसल्या की लवचीक सांधा तयार. तीन काड्या, तीन सांधे: त्रिकोण. दाबा, ओढा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. त्यात एक तिरपी काडी बसवा, म्हणजे दोन त्रिकोण झाले, आणि तोही ताठ उभा राहतो. पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत, विजेच्या मनोऱ्यांत, पुलांत सगळीकडे त्रिकोणच का दिसतात, हे सहावीतल्या पोराला बोटांनी कळते. नळीला मधोमध काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की सांधा त्रिमितीत जातो, मग घर, पिरॅमिड, जे हवे ते. तंत्रज्ञानाचे शिक्षण याहून स्वस्तात मी तरी पाहिलेले नाही. हेच गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे रमले आणि महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत त्यांच्या काड्या पोचल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक सावध करणे भाग आहे. आपल्याकडे पोचल्या त्या काड्याच. काड्यांच्या मागे जी यंत्रणा होती ती सातपुडा ओलांडून दक्षिणेला आली नाही.

कपाटाची किल्ली

एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान साहित्याचे कपाट पाहिले आहे. सुंदर होते. काचेच्या आतून सगळे दिसत होते: चंचुपात्रे, परीक्षानळ्या, सूर्यमालेचे मॉडेल, एक सूक्ष्मदर्शक, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मी विचारले, कधी काढता? गुरुजी प्रामाणिक होते. म्हणाले, ‘साहेब, डेडस्टॉकला नोंद आहे. फुटले तर निर्लेखन (नोंदीतून कमी करणे) कोण करणार? माझी बदली झाली तर चार्ज देताना मोजून द्यावे लागते.’ त्या गुरुजींना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्यापुढे दोन धोके होते: मुलांना विज्ञान आले नाही तर त्यांना कुणी विचारणार नव्हते, परीक्षानळी फुटली तर मात्र लेखापरीक्षणात विचारणार होते.

होशंगाबादमध्ये मूळ गृहीत होते की प्रयोग झाला तर सामान फुटणारच, संपणारच. म्हणून किट एकदा देऊन फोटो काढून मोकळे व्हायचे नाही, त्याची भरपाई वर्षानुवर्षे करत राहायची. भरपाई हे कार्यक्रमाचे नेहमीचे अंग होते. तरीही ती वेळेवर न आल्याने कुरकुरी झाल्याच असणार, सरकारी कामच ते. पण तत्त्व मान्य झाले होते.

तीच गोष्ट बैठकांची. जवळपासच्या शाळांतले विज्ञानाचे मास्तर महिन्यातून एकदा एका ठिकाणी जमत, त्याला संगम केंद्र म्हणत. गेल्या महिन्यात कोणता धडा अडला, कोणता प्रयोग जमला नाही, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर कुणालाच येईना, याची चर्चा. त्याशिवाय अनुवर्तन: बाहेरची माहितगार माणसे, त्यांत अनुभवी मास्तरही, शाळेत येऊन वर्गात मागे बसत. तपासणीसाठी नव्हे, मदतीसाठी. आपल्या केंद्रांच्या शिक्षण परिषदेत बसलेल्या कुणालाही यातला फरक कळेल. तिथे अर्धा वेळ माहिती भरण्यात आणि उरलेला परिपत्रके वाचण्यात जातो. संगम केंद्रात जाणारा मास्तर कामावरच धरला जाई, त्याला भत्ता मिळे, आणि तिथे बोलायचा विषय विज्ञानच असे. महिन्यातला एक दिवस कुणी फुकट, रजा टाकून, तीस वर्षे देत नाही.

मग परीक्षा. माझ्या मते सगळ्यांत अवघड सौदा हाच होता. १९७२ ला सहावीत बसलेली पोरे १९७५ मध्ये आठवीच्या परीक्षेला येऊन ठेपणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होते. तीन वर्षे प्रयोग करून शेवटी ‘व्याख्या द्या’ आणि ‘गाळलेल्या जागा भरा’ आले असते, तर दुसऱ्या वर्षापासून मास्तरांनी सगळे प्रयोग गुंडाळून ठेवले असते आणि ते शहाणपणाचेच ठरले असते. म्हणून विज्ञानापुरती परीक्षा बदलून घेतली गेली. लेखी परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला मुभा, शिवाय प्रात्यक्षिक. उघड्या पुस्तकाचा पेपर काढणे सोपे नसते. पुस्तकात सापडेल असा प्रश्न विचारून उपयोग नाही. अनोळखी निरीक्षणांचा तक्ता देऊन ‘यातून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?’ असे विचारावे लागते. असे पेपर काढणे आणि ते तपासणे, दोन्ही मास्तरांना शिकवावे लागले.

१९७८ मध्ये कार्यक्रम सोळा शाळांवरून जिल्ह्यातल्या सगळ्या, दोनशेहून अधिक, माध्यमिक शाळांत गेला. इथे खरी कसोटी लागली. सोळा शाळांत उत्साही मास्तर निवडता येतात. सगळ्या जिल्ह्यात जो आहे तोच मास्तर. कुणी विज्ञानाचा, कुणी संस्कृतचा, कुणाची निवृत्ती दोन वर्षांवर. एवढा पसारा दोन लहान संस्थांना झेपणारा नव्हता, म्हणून १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि हळूहळू हे काम तिच्याकडे आले. पुढच्या काळात देवास, उज्जैन असा पसारा वाढत २००२ पर्यंत पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे १००० शाळा आणि सुमारे एक लाख मुले यात होती. राज्यभर नेण्याच्या गोष्टी अनेकदा निघाल्या आणि तिथेच राहिल्या.

नववीचा उंबरठा

आता दुखरी जागा. आठवीपर्यंत सगळे ठीक. नववीत मूल ज्या वर्गात जाई तिथे पुन्हा जुनेच विज्ञान: बंद पुस्तक, व्याख्या, आणि दहावीचे राज्य मंडळ. माध्यमिकच्या वर हा कार्यक्रम कधी गेलाच नाही.

त्यात आशयाचीही एक फट होती, आणि तिथे मी कार्यक्रमाच्या बाजूने नाही. जे प्रयोगाने मुलाच्या हाती येत नाही ते या वयात शिकवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे अणू-रेणू आणि त्यांच्या आतली रचना ‘बाल वैज्ञानिक’च्या बाहेर राहिली. त्यामागचा विचार समजतो: अकरा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रॉन शिकवणे म्हणजे न पाहिलेल्या देवाची पोथी पाठ करून घेणे, एवढाच फरक की इथे नापास करता येते. पण नववीचे पुस्तक अणू येतो असे धरूनच उघडते. शेजारच्या जिल्ह्यातल्या मुलाने तो शब्द निदान ऐकलेला, घोकलेला असतो. होशंगाबादच्या मुलाने प्रश्न विचारायला शिकलेले असते, पण तो ज्या वर्गात आला आहे तिथे प्रश्न विचारणे म्हणजे वेळ घालवणे. या फटीवर पूल बांधायला हवा होता. आठवीत अणूची गोष्ट, गोष्ट म्हणूनच, ‘हे आपण पाहिलेले नाही, पण शास्त्रज्ञांनी असे का मानले ते बघा’ अशा रीतीने सांगता आली असती. पुस्तके अनेकदा सुधारली गेली, पण मूळ आग्रह बऱ्याच अंशी तसाच राहिला.

पालकांची तक्रार इथूनच येत होती, आणि ती ‘अडाणी पालक’ म्हणून झटकण्यासारखी नव्हती. मुलगा हुशार आहे, त्याला पुढे पीएमटी (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यायची आहे, पीईटी (अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. राज्यातल्या बाकीच्या जिल्ह्यांतली मुले जे पुस्तक वाचतात ते आमच्या मुलाला का नाही? आमच्याच पोरांवर प्रयोग का? ‘प्रयोग’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी यायचा. तीस वर्षे झाली तरी हा कार्यक्रम ‘प्रायोगिक’च होता. राज्यभर गेला नाही, म्हणून वेगळा दिसत राहिला, आणि वेगळा दिसतो म्हणून बोट दाखवायला सोपा राहिला.

या मुलांना दहावीत मार खावा लागतो काय, यावर दोन्ही बाजूंनी आकडे मांडले गेले. एकलव्यने निकाल तपासून ती मुले मागे पडत नाहीत असे सांगितले, विरोधकांना ते पटले नाही. मला यातला वादच जरा चुकीच्या जागी वाटतो. समजा निकाल तंतोतंत सारखे आले. मग तीन वर्षे वेगळे शिकून शेवटी सारखेच, तर खटाटोप कशाला, असे विचारणारा भेटलाच असता. दहावीचा पेपर जे मोजत नाही ते त्याच्या निकालात शोधायचे, हा खेळ कार्यक्रमाने मान्य केला तिथेच तो हरायला लागला.

एक ठराव

१९९० च्या दशकात मध्य प्रदेशात सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा मोठा गाजावाजा झाला. दिग्विजय सिंह मुख्यमंत्री होते. १९९७ च्या शिक्षण हमी योजनेने त्या सरकारची शिक्षणाच्या वर्तुळात वाहवा झालेली होती. जिल्ह्याचे निर्णय जिल्ह्यात व्हावेत म्हणून जिल्हा नियोजन समित्यांना बळ दिले गेले. गावातल्या शाळेचा निर्णय गावाजवळ व्हावा, हे होशंगाबादच्या कार्यकर्त्यांचे स्वतःचेही मत.

आणि त्याच वाटेने शेवट आला. होशंगाबादच्या जिल्हा नियोजन समितीत कार्यक्रम बंद करण्याचा ठराव झाला, आणि जुलै २००२ च्या सुरुवातीला राज्य सरकारने तो बंद केल्याचा आदेश काढला. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. सामाजिक शास्त्राचा एकलव्यचा लहानसा कार्यक्रमही त्याच लाटेत गेला. शास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, संपादक यांनी देशभरातून आवाज उठवला, लेख आले, पत्रे गेली. काही बदलले नाही.

हे वाचून सरकारला दोष देणे सोपे आहे आणि तो द्यावाही. शैक्षणिक कार्यक्रमाचा निकाल शैक्षणिक तपासणीने लागायला हवा होता, बैठकीतल्या बहुमताने नव्हे. पण मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. मुंबई-दिल्लीचे प्राध्यापक बाजूने बोलले. होशंगाबादच्या बाजारपेठेत, पंचायतीत, वकिलांच्या बार रूममध्ये कार्यक्रमाच्या बाजूने उठून बोलणारे किती होते? तीस वर्षांत ‘बाल वैज्ञानिक’ हातात घेऊन शाळा सोडलेली किती तरी पोरे तोवर चाळिशीला आली होती, दुकाने चालवत होती, शेती करत होती, स्वतः पालक झाली होती. ती आपल्या मुलांसाठी आमदाराच्या दारात गेली असती तर ठराव मांडायच्या आधी समितीने दोनदा विचार केला असता. कार्यक्रमाने मास्तरांशी जेवढे बोलणे केले त्याच्या निम्मेही पालकांशी केले नसावे, असा माझा अंदाज आहे. संगम केंद्रात मास्तर होते, पालक नव्हते.

आणि ज्या कागदांनी हे सगळे उभे केले होते त्यांचा गुणच असा की ते मागे घेता येतात. परीक्षेची परवानगी हा आदेश, भत्ता हा आदेश, पुस्तक हा आदेश. वरचा एक कागद सरकला की खालचे सगळे एकदम सरकतात. त्याच काड्यांचा चौकोन, फक्त तिरपी काडी काढलेली.

माणसे आणि कल्पना मात्र पांगल्या, मेल्या नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यश पाल होते, आणि पुढे आलेल्या एनसीईआरटीच्या विज्ञान पुस्तकांत कृतींना जी जागा मिळाली तिच्यात होशंगाबादचा वास ओळखू येतो. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी द्वैमासिकापासून स्फूर्ती घेऊन पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघाले.

आणि सवालीराम. हे कुणा माणसाचे नाव नव्हे. कार्यक्रमाने मुलांसाठी एक पात्र तयार केले होते: मनात प्रश्न आला की सवालीरामला पत्र टाका. खेड्याखेड्यांतून पत्रे येत आणि टपालाने उत्तरे जात. मास्तरांना न विचारता, वर्गात हसे न होता, कुठल्याही प्रश्नासाठी उघडी असलेली ही एकच खिडकी होती, आणि तिला ना किट लागत होते ना परीक्षेची परवानगी. कार्यक्रम बंद झाला तरी ‘संदर्भ’मध्ये सवालीराम हे सदर चालू राहिले. प्रश्न तसेच असतात, साधे आणि अडचणीत टाकणारे. उत्तर देणाऱ्यांना अजूनही पुस्तके उघडून बसावे लागते.